मूकपट मुका नव्हताच : थिएटर ऑर्गन आणि पडद्याखालच्या आवाजांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेने पेटी वाजवतो आणि जुन्या सिनेमाचं वेड आहे, त्यामुळे मूकपटांवर कुठे बोललो की चहाच्या वेळी लोक गाठतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. ते एकदाचे इथे लिहून काढलेत. क्रम माझ्या सोयीचा आहे. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत आटपलीत. घोड्याच्या टापांवर मी नेहमीच जास्त वेळ घालवतो, त्याला इलाज नाही.

थिएटर ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन का?

नाही. पण हा घोळ मराठी माणसाचा हमखास होतो. 'थिएटर' आणि 'ऑर्गन' हे शब्द शेजारी आले की आपल्याला रंगमंचापुढे बसून पायाने भाता मारणारा साथीदार आठवतो. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून त्या ऑर्गनने नाट्यपदांना आधार दिला. त्यात सूर निघतो तो पितळी पत्तीतून, म्हणजे रीडमधून, अगदी पेटीसारखाच. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो आणि त्या पायपेटीच्या ऑर्गनात ती आत ओढली जाते, एवढाच काय तो फरक.

इथे ज्याविषयी लिहितोय तो अमेरिकेतल्या आणि नंतर इंग्लंडमधल्या सिनेमागृहांतला नळ्यांचा ऑर्गन. शिसं-कथिलाच्या आणि लाकडाच्या शेकडो नळ्या, पेन्सिलीएवढ्या नळीपासून सोळा फुटी नळीपर्यंत, पडद्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीआडच्या खोल्यांत उभ्या असायच्या. तळघरात विजेवर चालणारा मोठा पंखा त्यांना हवा पुरवायचा. प्रेक्षकांना दिसायचा तो फक्त कन्सोल: घोड्याच्या नालाच्या आकाराची, रंगीबेरंगी खटक्यांनी भरलेली चौकट आणि तिच्यात बसलेला एक माणूस.

मूकपटच ना तो? मग त्याला आवाज कशाला?

कारण शांततेत सिनेमा बघणं फार अवघड जातं. पटत नसेल तर घरी टीव्हीचा आवाज बंद करून एखादा मारामारीचा प्रसंग दहा मिनिटं बघा. माणसं उगाच धडपडताहेत असं वाटायला लागतं. त्यात त्या काळी प्रोजेक्टरची खडखड होती, प्रेक्षकांचं खोकणं होतं, खुर्च्यांची करकर होती. शिवाय सिनेमा जन्मला तोच जादूचे प्रयोग, नाचगाणी, सर्कस अशा खेळांच्या सोबतीने, आणि तिथे वादक आधीपासून बसलेलेच होते. संगीताशिवाय सिनेमाचे खेळ झालेही, पण जरा बऱ्या थिएटरात निदान एक पियानो असायचाच. 'मूक' हे विशेषणही नंतरचं म्हणायला हवं. बोलपट येईपर्यंत कोणाला तसं म्हणायची गरजच नव्हती.

ऑर्गन येण्याआधी आवाज कोण काढायचं?

ढोलवाले, आणि पडद्यामागची माणसं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत लायमन हाउ नावाचा गृहस्थ गावोगाव चित्रपटांचे खेळ घेऊन फिरायचा. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीचा. त्याच्या कंपनीतली माणसं पडद्यामागे उभी राहून दृश्याबरहुकूम आवाज काढायची: इंजिनाची धाप, गर्दीचा गलका, लाटा. आपल्या नाटककंपन्यांत विंगेमागे पत्रा हलवून ढग गडगडवणारा असायचा, त्याच्याच जातीचं काम. फक्त इथे समोरचा नट त्यांच्यासाठी थांबत नव्हता. फिल्म चालू झाली की चालू.

याहून गंमत केली ती कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी. १९०५च्या सुमाराला त्यांनी थिएटरच आगगाडीच्या डब्यासारखं बांधलं. समोर इंजिनातून टिपलेली दृश्यं, खाली डब्याला हिसके आणि चाकांची खडखड, आणि तिकीट तपासायला गणवेशातला कंडक्टर.

साध्या थिएटरात मात्र हे सगळं पियानोशेजारच्या ढोलवाल्याच्या गळ्यात पडायचं. पायाखाली मोठा ढोल, पुढे लहान ढोल, झांज, आणि भोवती टांगलेल्या शिट्ट्या, घंटा, करवंट्या, मोटारीचा भोंगा. आजचा ड्रमसेट, म्हणजे एकाच माणसाने हातापायांनी वाजवायचा ढोलांचा संसार, आकाराला आला तो याच काळात. १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी आणलेलं पायाने चालणारं ढोलाचं पेडल त्यातला मोठा टप्पा.

यासाठी यंत्रं नव्हती का?

होती की. इंग्लंडमध्ये 'ॲलेफेक्स' नावाचं उभं कपाट निघालं. एकाच माणसाने चालवायचं, आणि सुमारे ५० आवाज काढायचं. हँडल फिरवलं की आत दातेरी नळकांडं पोलादी ब्रशवर घासायचं आणि इंजिन फुसफुसायचं. दुसऱ्या दांड्यावरचे ठोके टांगलेल्या पोलादी पट्ट्यांवर बसले की कपबश्या फुटायच्या, म्हणजे तसं वाटायचं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या अमेरिकन फोटो प्लेयर कंपनीने 'फोटोप्लेयर' काढला. मध्ये पियानो, दोन्ही बाजूंना कपाटं, आणि त्यांत ऑर्गनच्या नळ्या, ढोल, घंटा, भोंगे. पियानो कागदाच्या भोकाभोकांच्या गुंडाळीवर आपोआप चालायचा. गुंडाळ्या दोन बसवता येत, म्हणजे एक प्रेमाची, एक पाठलागाची. नायिका पळवली गेली की दुसरीवर उडी. वर दोऱ्या लोंबत. एक ओढली की बंदुकीचा बार, दुसरी ओढली की घंटा. संगीत न येणाऱ्यालाही जमेल अशी त्याची जाहिरात. खरं सांगायचं तर हे चालवायला बऱ्यापैकी कसब लागतं. आज चालू स्थितीतली यंत्रं फार थोडी उरली आहेत, आणि ती चालवणारे तर त्याहून कमी.

थिएटर ऑर्गन कोणी शोधला?

एकट्याचं श्रेय द्यायचं तर रॉबर्ट होप-जोन्स याला. जन्म १८५९चा, इंग्लंडमधल्या चेशरचा. हा माणूस पेशाने टेलिफोन कंपनीतला वीजतज्ज्ञ आणि हौसेने चर्चमधला ऑर्गनवादक. पूर्वीच्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडी दांड्या आणि तारा थेट नळीखालची झडप ओढायच्या, त्यामुळे वादकाला नळ्यांना चिकटून बसावं लागे. होप-जोन्सने टेलिफोनची विद्या ऑर्गनला लावली. पट्टीखाली विजेचा खटका, नळीखाली विद्युतचुंबक, मध्ये केबल. एकदा केबल आली की कन्सोल कुठेही ठेवता येतो. पुढे थिएटरांनी तो लिफ्टवर चढवला आणि खेळाच्या सुरुवातीला वादक वाजवत वाजवत जमिनीतून वर यायला लागला, त्याचं मूळ हे.

१९०३ मध्ये तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी त्याने कारखाना काढला, पण व्यवहार त्याला कधी जमला नाही. १९१० मध्ये नॉर्थ टोनावँडाच्या वुर्लिट्झर कंपनीने त्याचं काम आणि पेटंटं विकत घेतली. मालकांशी त्याचं पटलं नाही, आणि १९१४ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. ज्या वाद्याने पुढे कंपनीचं नाव झालं त्याचा बहर त्याने पाहिलाच नाही.

एक माणूस अख्ख्या वाद्यवृंदाचं काम कसं करायचा?

थोडा हिशेब मांडू, म्हणजे होप-जोन्सची करामत कळेल.

एका पट्टीफळीवर ६१ पट्ट्या. एका जातीच्या नळ्यांचा एक संच म्हणजे ६१ नळ्या. चर्चच्या ऑर्गनमध्ये तोच आवाज खालच्या सप्तकात, मधल्यात, वरच्यात आणि त्याच्याही वर हवा असेल तर चार वेगळे संच ठेवायची पद्धत. ४ गुणिले ६१, झाल्या २४४ नळ्या. होप-जोन्स म्हणाला, कशाला? मधल्या संचाला खाली एका सप्तकाच्या १२ आणि वर दोन सप्तकांच्या २४ नळ्या जोडा. ६१ अधिक ३६, म्हणजे ९७. चारही सप्तकांचे खटके याच ९७ नळ्यांतून हव्या त्या उचलतील. वीज असल्यामुळे एकच नळी चार ठिकाणांहून वाजवता येते, दांड्यांच्या यंत्रणेत ते अशक्यप्राय होतं.

यामुळे सहा संचांचा छोटा ऑर्गनही भरघोस वाजायचा. वुर्लिट्झरने याला 'युनिट ऑर्केस्ट्रा' असं नाव दिलं, आणि थिएटरमालकाला हिशेब लगेच पटला: पंधरा-वीस वादकांचा दर आठवड्याचा पगार एकीकडे आणि एकदा घेतलेलं यंत्र अधिक एक वादक दुसरीकडे. मोठ्या थिएटरांत दोन्ही असायचे. रात्रीच्या खेळाला वाद्यवृंद, दुपारी आणि वादकांच्या विश्रांतीत ऑर्गन.

चर्चच्या ऑर्गनपेक्षा त्याचा आवाज इतका वेगळा, जवळजवळ रडवेला का?

दोन कारणं. एक, हवेचा दाब. तो मोजतात इंग्रजी 'यू' आकाराच्या काचेच्या नळीत पाणी किती इंच वर चढतं त्यावर. चर्चच्या ऑर्गनला तीन-चार इंच पुरतात. थिएटर ऑर्गनमध्ये दहा नेहमीचे, आणि काही संचांना पंधरा-पंचवीस इंचांपर्यंत. दोन, कंप. हवेच्या वाटेवर एक हेलकावणारी झडप बसवलेली असते, ती चालू केली की दाबच सेकंदाला सहा-सात वेळा हलतो आणि सगळा सूर थरथरतो. 'टिबिया क्लॉझा' नावाच्या बंद तोंडाच्या लाकडी नळ्यांवर हा कंप चढला की तो ओळखीचा, हुंदका आल्यासारखा सूर निघतो. पेटीवाल्याच्या कानाला सुरुवातीला ते जरा अति वाटतं. मला वाटलं होतं. अर्ध्या तासात सवय होते, आणि मग साधा सूरच कोरडा वाटू लागतो.

आवाज लहान-मोठा करायला नळ्यांच्या खोलीला खिडकीसारख्या जाड झडपा असतात. पाय दाबाल तशा त्या उघडतात. नळी फुंकली जाते तेवढीच, दार मात्र कमी-जास्त उघडतं.

घोडा, पक्षी, आगगाडी… हे आवाज नेमके निघायचे कसे?

माझा आवडता प्रश्न.

पहिली गोष्ट, हे आवाज ध्वनिमुद्रित नव्हते. नळ्यांच्या खोलीतच एक मोठी मांडणी असायची, तिला वादक 'टॉय काउंटर' म्हणत, म्हणजे खेळण्यांचा काउंटर. मांडणीवर खऱ्याखुऱ्या वस्तू: ढोल, झांज, त्रिकोणी घंटा, डफली, चिपळ्यांसारखी कॅस्टनेट, लाकडी ठोकळा, दारावरची विजेची घंटा, आगीच्या बंबाची घंटा, मोटारीचा भोंगा, घुंगरांच्या माळा. प्रत्येकीशेजारी चामड्याचा तळहाताएवढा भाता. कन्सोलवर खटका दाबला की कमी दाबाची वीज चुंबकाला जाते, चुंबक बारीकशी झडप उघडतो, भाता फस्सकन मिटतो आणि त्याला जोडलेली हातोडी वस्तूवर बसते. वादक पन्नास फुटांवर, आणि हातोडी त्याच्या बोटाबरोबर.

पक्ष्याचा आवाज सगळ्यात गोड. दोन-तीन बारीक नळ्या उलट्या करून त्यांची तोंडं वाटीतल्या तेलात किंवा पाण्यात बुडवलेली. हवा सोडली की बुडबुड्यांमुळे सूर खालीवर होतो आणि किलबिल ऐकू येते. आपल्या जत्रेत पाणी घालून फुंकायची पक्ष्याची शिट्टी मिळते ना, तीच ही.

आगगाडीची शिट्टी म्हणजे एकमेकींशी नीट न जुळणाऱ्या सुरांच्या तीन-चार लाकडी नळ्या एकत्र. इंजिनाची धाप काढायला दोन ठोकळ्यांना काचकागद लावून ते एकमेकांवर घासायचे. सुरुवातीला सावकाश, मग भरभर. डोळे मिटून ऐकलं तर गाडी सुटल्यासारखीच वाटते.

आता घोडा. टॉय काउंटरमधल्या घोड्याला दोन भाते असतात. ते आळीपाळीने मिटतात आणि करवंट्यांसारख्या पोकळ वाट्या ठोकतात, वेग कमी-जास्त करता येतो. पण खरी मेख लयीत आहे. घोडा सावकाश चालतो तेव्हा चार सुटे ठोके पडतात. दुडकी धरतो तेव्हा दोनच, कारण तिरपे दोन पाय एकदम टेकतात. त्याच्या वरच्या चालीत तीन ठोके आणि मग जराशी फट: तबडक्-तक, तबडक्-तक. चांगला वादक ही फट सांभाळतो. वाईट वादकाचा घोडा शिवणयंत्रासारखा पळतो.

मेघगर्जनेसाठी पत्राच हलवायचे का?

ढोलवाले हलवायचे. ऑर्गनवादकाला त्याची गरज नव्हती. पायाखालच्या सगळ्यात खालच्या चार-पाच पट्ट्या आडव्या बुटाने एकदम दाबायच्या, मोठ्या ढोलाचा घुमारा जोडायचा आणि झडपा हळूहळू उघडायच्या. एवढ्या खालच्या सुरांचा मिळून सूर राहत नाही, नुसता गडगडाट होतो. खुर्चीची लाकडं थरथरतात. ते मोबाइलवर ऐकू येत नाही.

दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय पेडलवर. मग शिट्टी वाजवायची कशाने?

यासाठी दोन युक्त्या. काही आवाजांचे खटके कन्सोलच्या खालच्या फळीवर पायाच्या अंगठ्याशी असायचे; सूर तोलता तोलता पाय सरकवून लाथ मारायची की भोंगा वाजला. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: दुहेरी दाब. पट्टी नेहमीएवढी दाबली तर एक आवाज. तीच आणखी जोर देऊन खोल दाबली की खाली दुसरा खटका लागतो आणि वेगळा आवाज मिसळतो. म्हणजे डाव्या हाताने संथ सूर धरलेला असताना त्यातली एकच करंगळी जोराने दाबून मधूनच एक सूर वर उठवता येतो, किंवा पायाच्या पट्टीला ढोल जोडता येतो. पेटीत अशी सोय असती तर आपल्या साथीदारांनी काय काय केलं असतं कोण जाणे.

कुठे काय वाजवायचं हे वादकाला कसं कळायचं?

बरेचदा कळायचंच नाही. फिल्म सोमवारी दुपारी आली आणि खेळ संध्याकाळी, तर पहिल्या खेळाला वादकही प्रेक्षकच. नजर पडद्यावर, हात अंदाजावर.

मदत म्हणून कंपन्या कागद पाठवायच्या. एडिसन कंपनीने १९०९ पासून आपल्या चित्रपटांसाठी संगीताच्या सूचना छापायला सुरुवात केली. पुढे त्यांचे 'क्यू शीट' झाले: पडद्यावर ही मजकुराची पाटी आली की ही चाल, इतकी मिनिटं, अमुक माणूस दारात आला की ती बंद. चालींचे संग्रहही निघाले. जॉन झामेचनिक यांचा १९१३चा, आणि एर्नो रापे यांचा १९२४चा. रापेंच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या कडेला ५२ मनःस्थितींची आणि प्रसंगांची यादी आणि पुढे पान क्रमांक: लढाई, पक्षी, पाठलाग, आग, प्रेतयात्रा, आगगाडी, समुद्रातलं वादळ. वाजवता वाजवता एका हाताने पान उलटायचं. आपल्याकडे प्रसंगागणिक राग बदलायची सवय असलेल्या नाटकवाल्याला हे नवल वाटणार नाही.

आणखी एक अडचण म्हणजे वेग. कॅमेरा हाताने फिरवलेला, प्रोजेक्टरचा वेग ऑपरेटरच्या मर्जीवर. शेवटचा खेळ लवकर उरकायचा असेल तर तो फिल्म पळवायचा आणि खाली वादकाची तारांबळ.

दिसेल त्या प्रत्येक गोष्टीचा आवाज काढायचे का?

वाईट वादक काढायचे. मला विचाराल तर या कलेतली खरी परीक्षा इथेच होती.

'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' या अमेरिकेतल्या धंद्याच्या साप्ताहिकात १९१०-११च्या आसपास ढोलवाल्यांवर आणि पियानोवाल्यांवर सपाटून टीका यायची. आई मरणशय्येवर, आणि कोपऱ्यात पिंजरा दिसला म्हणून ढोलवाला पक्षी किलबिलवतोय, असले प्रकार. लोक हसायचे, आणि एकदा हसले की ती आई पुन्हा मरू शकत नाही.

याचं साधं कारण असं की आवाज बोट दाखवतो. पडद्यावर दहा गोष्टी असतात. ज्या गोष्टीचा आवाज येईल तिकडे नजर जाते. दाराची घंटा वाजवली तर प्रेक्षक दाराकडे बघणार, मग नायिकेच्या हातातलं पत्र गेलं. म्हणून चांगले वादक आवाज राखून ठेवायचे. आगगाडीच्या पाठलागाचा चित्रपट असेल तर पहिली शिट्टी खरी वाजवायची, मग चाकांची लय संगीतातच मिसळून द्यायची, आणि पूल कोसळतो तेव्हा पुन्हा यंत्राकडे वळायचं. विनोदी चित्रपटात मात्र ढिलाई चालते. कोणी पार्श्वभागावर आपटला आणि ढोल वाजला नाही, तर प्रेक्षकच नाराज होतील.

एकदा मूकपटाच्या खेळाला मी स्वतः पेटी घेऊन बसलो होतो. उत्साहाच्या भरात घोड्यासाठी करवंट्या, पावसासाठी सुपात तांदूळ, सगळी तयारी. खेळ संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "छान झालं हो, पण तुमच्याकडे बघण्यात सिनेमा राहिलाच." तेव्हापासून सूप घरी ठेवतो.

हे वादक होते कोण?

सगळ्या तऱ्हांचे. जेसी क्रॉफर्ड न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या पॅरामाउंट थिएटरचा तारा. त्याची बायको हेलनही वादक, दोघं दोन कन्सोलवर जोडीने वाजवायचे. न्यूयॉर्कमधल्याच हार्लेमच्या लिंकन थिएटरात तरुण फॅट्स वॉलर मूकपटांना साथ करायचा. पुढे जॅझमध्ये मोठा झालेला काउंट बेसी तिथे जाऊन जमिनीवर बसायचा आणि वॉलरचे पाय पेडलवर कसे फिरतात ते बघायचा. शिकवणी अशीच.

बायका पुष्कळ होत्या. त्यांतल्या रोझा रिओ यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जन्म १९०२चा. मूकपटांना साथ केली, बोलपट आल्यावर रेडिओवरच्या मालिकांना ऑर्गन वाजवला, आणि म्हातारपणी फ्लोरिडात टँपा थिएटरमध्ये पुन्हा मूकपटांना साथ करू लागल्या. शंभरी ओलांडल्यावरही. २०१० मध्ये १०७व्या वर्षी गेल्या.

वुर्लिट्झर म्हणजेच थिएटर ऑर्गन ना?

डालडासारखं झालंय ते. वुर्लिट्झरने दोन हजारांवर थिएटर ऑर्गन बनवले म्हणून नाव चिकटलं. पण रॉबर्ट मॉर्टन, किंबॉल, बार्टन, मोलर हे अमेरिकेतले आणि कॉम्प्टन, क्रिस्टी हे इंग्लंडमधले ऑर्गनही नामांकित होते. न्यूयॉर्कच्या रॉक्सी या सुमारे सहा हजार खुर्च्यांच्या थिएटरात १९२७ मध्ये किंबॉलचा तीन कन्सोलचा ऑर्गन बसला होता.

आपल्याकडच्या मूकपटांना कसली साथ असायची?

पेटी-तबल्याची. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि १९३१ मध्ये मॅजेस्टिकला 'आलम आरा'ने तोंड उघडलं. मधल्या काळात मुंबईच्या साहेबी थिएटरांत पाश्चात्य पद्धतीचे वाद्यवृंद असत आणि त्यांत गोमंतकीय वादकांची मोठी भरती. गोव्यात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी. पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा तीच झाली. देशी थिएटरांत आणि तंबूंत पेटीवाला, तबलजी आणि पाट्या मोठ्याने वाचणारा. पाट्या दोन-तीन भाषांत, वाचता येणारे थोडे, म्हणून वाचणाऱ्याला मान. बाकी आवाज प्रेक्षक स्वतःच पुरवायचे.

जपानमध्ये हा वाचणारा तर चित्रपटातल्या नटापेक्षा मोठा झाला. त्याला 'बेन्शी' म्हणत. त्याच्या नावावर तिकिटं खपत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता.

बोलपट आल्यावर काय झालं?

ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतली बहुतेक थिएटरं ध्वनियंत्रणेने सजली. हजारो वादक घरी बसले. १९३० मध्ये त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. त्यांत एक यंत्रमानव संगीताचा छळ करतोय असं चित्र. उपयोग झाला नाही.

आवाज काढणारी माणसं मात्र नाहीशी झाली नाहीत, त्यांनी दार बदललं. ओरा निकोल्स आणि त्यांचे पती मूकपटांना साथ करणारे. ते रेडिओत गेले आणि ओराबाई सीबीएस या रेडिओ कंपनीच्या ध्वनिविभागाच्या प्रमुख झाल्या. करवंट्या तिथेही गेल्या. इंग्लंडमध्ये ऑर्गनला आणखी दहा वर्षं मिळाली, मध्यंतरात गाणी वाजवायला. ब्लॅकपूल टॉवरच्या नृत्यगृहात तो नाचाला लागला आणि आजही वाजतो. बाकीचे भंगारात गेले, चर्चना विकले गेले, किंवा हौशी लोकांनी घरात, गॅरेजमध्ये नेऊन ठेवले.

जुना ऑर्गन दुरुस्त करणं एवढं अवघड का?

चामड्यामुळे. प्रत्येक नळीखाली, प्रत्येक हातोडीशेजारी तो छोटा भाता. असे हजारो. काही दशकांनी चामडं वाळतं, चिरतं, आणि एकेक सूर मुका होतो किंवा अडकून वाजतच राहतो. प्रत्येक भाता उघडून, जुना डिंक खरवडून नवं चामडं चिकटवायचं. पेटीचा एक भाता बदलताना आपली दमछाक होते, त्यावरून ताडा.

आज प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांना सोपं आहे. नायगारा बघायला जाल तेव्हा तिथून वीसेक किलोमीटरवर नॉर्थ टोनावँडा लागतं, वुर्लिट्झरचं गाव. तिथल्या रिव्हिएरा थिएटरात १९२६चा ऑर्गन अजून आहे. धबधबा बघून झाल्यावर लोक सहसा मॉलमध्ये जातात. त्यापेक्षा हे बरं. बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी पालो आल्टोचं स्टॅनफर्ड थिएटर. ॲरिझोनात मेसा गावी ऑर्गन स्टॉप पिझ्झा नावाचं हॉटेल आहे, तिथे चीज ओढत ओढत वुर्लिट्झर ऐकता येतो. १९२७ मध्ये तो डेन्व्हरच्या थिएटरात होता. लंडनला असाल तर ब्रेंटफर्डचं म्युझिकल म्युझियम. सगळीकडे वेळापत्रक आधी बघून जा, ऑर्गन रोज वाजत नाही.

यातलं घरी काही करून पाहता येईल का?

घोडा करता येईल. दोन सुक्या करवंट्या घ्या, कडा काचकागदाने घासून सारख्या करा. उघडं तोंड खाली ठेवून शहाबादी फरशीवर आपटल्या तर गावातला रस्ता. त्याच करवंट्या चटईवर आपटल्या तर माळरान. दोन करवंट्या एकमेकींवर वाजवू नका, तो फार पोकळ, नाटकी आवाज येतो. आधी चार ठोक्यांची चाल पक्की करा, मग दुडकी. भरधाव सगळ्यात शेवटी, आणि शेजारी दुपारी झोपत असतील तर पाचनंतर.